मामा, ती गाठ होती

मामा, तुम्ही सुटलात. सकाळी मामींकडे चहा मागितलात आणि चहा उकळायच्या आत खुर्चीत मान टाकलीत. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, काय भाग्याचं मरण, ना स्वतःला त्रास ना घरच्यांना. मी ऐकते आणि आतल्या आत जळते. तुम्हाला थोडा त्रास व्हायला हवा होता. फार नाही, मला बोलावून घ्यावंसं वाटेल एवढाच.

आठवडा होत आला. हातकणंगल्याच्या घरात अजून सतरंजी उचललेली नाही. लोक येतात, बसतात, तुमच्या फोटोकडे बघत डोळे पुसतात. आपल्या वस्तीतला पहिला डॉक्टर, कोल्हापुरात स्वतःचं स्कॅन सेंटर काढणारा, गरिबाला कधी दारातून परत न पाठवणारा. सगळं खरं आहे. मी मान हलवते. माझ्या मनात काय चाललंय ते कुणाला कळलं, तर सतरंजीवरून उठवून बाहेर काढतील मला.

उद्या विहारात तुमचं पुण्यानुमोदन आहे. त्रिशरण-पंचशील होईल, भंतेजी बोलतील आणि मग रीतीप्रमाणे एकेकानं उठून तुमच्याबद्दल चार शब्द सांगायचे. मामींनी ठरवलंय की पहिली शीतल बोलेल. तुमची भाची, तुमची विद्यार्थिनी, तुमच्याच सेंटरमध्ये तुमच्या शेजारच्या खुर्चीत बसणारी डॉक्टर. चांगलं बोल, असं काही त्या म्हणाल्या नाहीत. मी वेगळं काही बोलेन अशी शंकासुद्धा त्यांना आली नसेल.

मला तुमच्याकडून एकच शब्द हवा होता. ‘चुकलो.’ माझ्या तोंडावर, मोठ्यानं. तो न देता तुम्ही गेलात, म्हणून आज तुमच्या केबिनमध्ये तुमच्याच खुर्चीत बसून हे लिहितेय. खुर्ची डावीकडे कलते, आणि ती दुरुस्त करून घ्या म्हणून मी तुमच्या किती मागे लागले होते. तेही तुम्ही ऐकलं नाही.

सुरुवात मात्र तुमच्यापासूनच करावी लागते, तेवढं मी नाकारत नाही. न्यूक्लिअर मेडिसिन शिकायला जाते म्हटल्यावर अख्ख्या गल्लीला वाटलं की सुमनची पोरगी आता बॉम्ब बनवणार. तुम्ही पोट धरून हसलात. “बॉम्बच हाय की,” म्हणालात, “फकस्त ह्यात धूर न्हाय, उजेड पडतोय.” पेशंटला इतक्या सोप्या भाषेत सांगणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. पॅराथायरॉइड हे नाव ऐकून बिचकलेल्या बाईला तुम्ही तिच्याच गळ्याकडे बोट करून सांगायचात. “मावशी, हितं थायरॉइडच्या पाठीमागं तुरीच्या डाळीएवढ्या चार ग्रंथी असत्यात. रक्तातलं कॅल्शियम सांभाळायचं हेच त्यांचं काम. त्यातली एखादी माजली, गाठ झाली तिची, की ती हाडातलं कॅल्शियम उपसून रक्तात वतत बसती. मग हाडं दुखत्यात, मूतखडं हुत्यात, डोकं चालंना हुतं. रक्ताची तपासणी सांगती की घरात चोर शिरलाय. आमचा स्कॅन फकस्त त्यो कुठल्या खोलीत बसलाय तेवढं सांगतो.” बाई मान डोलवायची आणि निर्धास्त होऊन टेबलावर आडवी व्हायची. मीही दारात उभी राहून ते ऐकायचे आणि मला तुमचा अभिमान वाटायचा.

तुमची एक पद्धत होती. स्कॅन वाचताना रक्ताचा रिपोर्ट तळहाताखाली झाकून ठेवायचा. रक्तात आजार आहे हे आधी वाचलं तर डोळ्यांना नसलेली गाठही दिसायला लागते, म्हणायचात. आधी चित्र, मग कागद. मला ती शिस्त फार आवडली होती. अडचण एवढीच होती की पुढे पुढे तुम्ही तो हात काढायलाच विसरायला लागलात.

आपली भांडणं काय कमी झाली? तुमचा जीव त्या जुन्या पद्धतीवर. मिबी नावाचं किरणोत्सारी औषध शिरेतून द्यायचं, थोड्या वेळानं मानेचं एक चित्र काढायचं आणि दोन-तीन तासांनी दुसरं. थायरॉइड ते औषध घेते आणि सोडून देते, गाठ ते धरून ठेवते. दुसऱ्या चित्रात जे उरेल ती गाठ. “जे टिकतं ते खरं,” हे तुमचं ठरलेलं वाक्य. मी म्हणायचे की काही गाठीही औषध लवकर सोडतात, मग दुसऱ्या चित्रात काहीच उरत नाही. त्यापेक्षा फक्त थायरॉइडलाच दाखवणारं दुसरं औषध देऊ, एका चित्रातून दुसरं वजा करू आणि उरेल ते बघू. नाहीतर कॅमेरा मानेभोवती फिरवून सीटीसोबत चित्र घेऊ, म्हणजे पुढचं-मागचं तरी कळेल. आणि एवढं करूनही सापडली नाही, तर कोलीन नावाचं औषध देऊन काढायचा पेट (PET) स्कॅन आहेच. त्यात बारीक गाठही दिसते आणि वेळही कमी लागतो.

“आनि गडहिंग्लजची बाई तुझ्या त्या कोलीनसाठी कुठं जाणार गं?” तुम्ही विचारायचात. “औषध त्या सायक्लोट्रॉन यंत्रातनं निघालं की दर दोन तासाला अर्धं मरतंय. गाडी घाटात अडकली की संपलं. आनि तुझं कोलीन काय देवाचा डोळा हाय व्हय? मानंत सुजलेली साधी लसिकाग्रंथी असली तरी चमकतंय ते.” यातलं बरंचसं खरं होतं. मी चिडून बाहेर जायचे आणि तुम्ही माझ्यामागे चहा पाठवायचात. ही भांडणं मला आता हवी आहेत, हे लिहिताना माझाच राग येतोय.

मग आईचा नंबर लागला.

तुमची आक्का. अंगणवाडीत पोरांच्या नावासकट त्यांच्या बापांच्या खोड्या पाठ असणारी बाई पोरांची नावं विसरायला लागली. दोनदा मूतखड्यानं तळमळली. पातेलं उचलताना हात भरून यायचे, कुणी काही बोललं की रडायची, नाहीतर अंगावर धावून जायची. वय झालं, म्हणाले लोक. डोक्यावर परिणाम झालाय, असंही कुणीतरी म्हणालं. मी तिचं रक्त तपासलं. कॅल्शियम वर, पॅराथायरॉइडचं संप्रेरकही वर. परीक्षेत विद्यार्थ्याला विचारावं असं सरळ उत्तर होतं ते. घरात चोर होता, मामा. तुमच्याच भाषेत.

त्या दिवशी ती किती खुशीत होती! “भाऊ बघणार म्हटल्यावर मला कशाची काळजी?” पहिलं चित्र झालं, दुसऱ्याची वाट बघत ती बाकावर बसली आणि तिनं डब्यातली अर्धी भाकरी तुम्हाला काढून दिली. तुम्ही उभ्या उभ्या खाल्लीत. मग दुसरं चित्र आलं. तुम्ही हाताखाली कागद दाबून पडद्याकडे बघितलंत आणि म्हणालात, “स्वच्छ हाय.”

मी म्हणाले, “मामा, पहिल्या चित्रात बघा. डावीकडं खालची कड फुगलीय. औषध लवकर सुटलं असंल. दुसरं औषध देऊन वजाबाकी करूया.”

तुम्ही पडद्यावरून नजरसुद्धा काढली नाहीत. “शीतल, ही आक्काची लेक बोलाय लागलीय. डॉक्टरला बोलू दे.”

आणि तुम्ही रिपोर्टवर लिहिलंत की पॅराथायरॉइडचा आजार आढळत नाही. गाठीची जागा सापडली नाही, एवढं लिहिलं असतंत तर मी आज हे लिहीत बसले नसते. पण तुम्ही आजारच नाही म्हणालात. खोलीत चोर दिसला नाही म्हणून घरात चोरी झालीच नाही, असा न्याय केलात. आणि खाली सही केलीत. ती सही बघून सर्जननं आईला परत पाठवलं. कुठं कापायचं तेच माहीत नसताना मान उघडायला तो तयार नव्हता, आणि तुमचा कागद सांगत होता की कापायचं कारणच नाही. मी त्याच्याशी भांडले, तुमच्याशी भांडले, आईशी भांडले. आई ऐकायची नाही. “भावानं बघितलंय की,” एवढंच म्हणायची. तुमच्यावरचा तिचा विश्वास मला त्या दिवसांत तिच्या आजारापेक्षा मोठा शत्रू वाटायचा.

तीन वर्षं गेली, मामा. तिसऱ्या वर्षी संडासच्या दाराची कडी ओढताना तिचं मनगट मोडलं. नुसती कडी ओढताना! प्लास्टर घातलेला हात मांडीवर ठेवून ती माझ्याकडे बघत म्हणाली, “मी काय काचंची झालो व्हय गं?” त्या दिवशी मी तिला विचारलं नाही, सरळ पुण्याला नेलं. तुम्हाला सांगितलं तर म्हणालात, “जा, पुण्याची हवा खाऊन या.”

कोलीनच्या स्कॅनमध्ये डावीकडे खाली, थायरॉइडच्या मागे, बेदाण्याएवढा ठिपका लखलखीत पेटलेला होता. मी बोट ठेवलं होतं तिथंच. ऑपरेशन छोट्याशा छेदातून झालं. गाठ बाहेर काढल्यावर टेबलावरच आईचं रक्त पुन्हा तपासलं, तर संप्रेरक धाडकन खाली आलेलं. दोन महिन्यांत अंगणवाडीतली नावं एकेक करून परत आली. एकदा मला फोन करून तिनं सगळ्या वर्गाची हजेरी म्हणून दाखवली. मी फोन कानाला लावून रडत होते आणि शिव्या तुम्हाला घालत होते.

दोन्ही चित्रं घेऊन मी याच केबिनमध्ये आले, आठवतं? पडद्यावर शेजारी शेजारी लावली. तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, पुन्हा लावलात. बराच वेळ बघितलंत.

“बरं झालं सापडली,” म्हणालात. “आक्काचं नशीब.”

“मामा, आपला रिपोर्ट चुकला होता.”

“रिपोर्ट न्हाय चुकला. त्या कॅमेऱ्यात दिसली न्हाय, म्हणून न्हाय लिवली.”

“दिसली नाही असं लिहिलं नव्हतंत. आजार नाही असं लिहिलं होतंत.”

तुम्ही बेल वाजवलीत आणि पुढचा पेशंट आत बोलावलात.

त्या दिवशी मी ठरवलं की तुम्हाला सोडायचं नाही. डॉक्टरांच्या मासिक बैठकीत मी ही केस मांडणार होते. विषयाचं नाव अगदी साळसूद ठेवलं होतं, पॅराथायरॉइडची गाठ शोधण्याच्या पद्धतींची तुलना. तुम्ही नेहमीप्रमाणे पहिल्या रांगेत बसणार. मी आधी दोन टप्प्यांचं चित्र दाखवणार, मग वजाबाकी, मग फिरता कॅमेरा, मग कोलीन, प्रत्येकाची बाजू नीट मांडणार, आणि शेवटी तुमचा रिपोर्ट सहीसकट भिंतभर मोठा करून गप्प उभी राहणार. आरशासमोर मी बोलण्याचा सराव करत नव्हते, त्या गप्प उभं राहण्याचा करत होते. मला तुमचा चेहरा बघायचा होता. बैठक पुढच्या रविवारी आहे. तुमच्या जागी पहिल्या रांगेत आता जो बसेल त्याच्याशी माझं काही भांडण नाही.

तुम्ही गेलात त्या सकाळी आई आली, तुमच्या उशाशी बसली आणि तिनं तुमच्या अंगावरची चादर सारखी केली. रडली मात्र नाही. त्या दिवशी नाही, स्मशानातून माणसं परत आल्यावर नाही, नंतरही नाही. बायका कुजबुजायला लागल्या. “सख्खी भन हाय, आनि डोळ्यात टिपूस न्हाय.” मला भीती वाटली की गाठ पुन्हा उगवली की काय. हसू नका, मी तिसऱ्या दिवशी तिचं रक्त घेऊन कॅल्शियम तपासलं. अगदी व्यवस्थित होतं.

काल ती स्वयंपाकघरात एकटीच तांदूळ निवडत बसली होती. मी शेजारी बसले. म्हटलं, “आई, रड की जरा. मोकळं वाटेल.”

“न्हाय रडत.”

“अगं, भाऊ होता तुझा.”

“भाऊ हुता म्हणूनच न्हाय रडत.” तिनं सूप खाली ठेवलं. “ऑपरेशन झाल्यावर पुण्याला आलता त्यो. तू औषधं आणाय गेलतीस. आला आनि पाय धरलं माझं. आक्का, चुकलं माझं, म्हणाला.”

मी सूप बाजूला सरकवून तिच्याकडे वळले.

“म्या म्हटलं, माझं पाय कशाला धरतुयास? पोरगी तीन वरसं घसा फोडून सांगत हुती, तिला म्हण. तर म्हणतोय, आक्का, ती माझ्या हाताखाली शिकलीय, तिच्याम्होरं कसं म्हणू? म्या म्हटलं, मग माझ्या दारात पाय ठिवू नगंस. तिला म्हण आनि मग ये. त्या दिशी मटण शिजवतो.”

“मग?”

“मग काय. न्हाय आला.”

दर रविवारी आईच्या हातचं जेवायला येणारे तुम्ही ऑपरेशननंतर यायचे बंद झालात, ते मी माज समजत होते. आई विषय काढायची नाही, मीही विचारलं नाही. आणि तुम्हाला सगळं ठाऊक होतं! तुम्हाला आपली चूक कळली होती, ती तुम्ही बोललाही होतात, फक्त मला सोडून. बहीण तोडलीत, तिच्या घरचं जेवण तोडलंत, महिनोन् महिने तिचं दार टाळलंत, पण शेजारच्या खुर्चीतल्या पोरीकडे मान वळवून एक शब्द उच्चारला नाहीत. हे ऐकून माझा राग विरघळेल असं आईला वाटलं असेल. उलट आता तो कुठं ठेवू हेच मला कळत नाही. तुम्ही मूर्ख होतात असं मी धरून चालले होते. मूर्खाला माफ करता आलं असतं.

शेवटच्या काही महिन्यांत दुसरं चित्र कोरं आलं की तुम्ही विचारायला लागला होतात, “तुझं काय म्हणणं?” मी वजाबाकी करू म्हणाले की नुसती मान हलवायचात. ती तुमची माफी होती का? असेल. मी ती मोजणार नाही. चोरून दिलेली माफी मी घेत नाही, मामा. मी तुमचीच भाची आहे, माझाही ताठा तुमच्याच घरचा आहे.

आणि एकटी आई थोडीच होती? परवापासून मी तुमच्या सहीचे जुने रिपोर्ट उघडतेय. ज्यांच्या रक्तात आजार होता आणि तरी आपण ‘आजार नाही’ लिहून घरी पाठवलं, त्या प्रत्येकीला फोन करतेय. काल एक मावशी म्हणाली, “अवो, तुमच्या मोठ्या डॉक्टरनी सांगिटलंय की काय न्हाय म्हणून.” मी म्हटलं, “मोठ्या डॉक्टरांचं चुकलं, मावशी. तुम्ही पुन्हा या.” हे वाक्य बोलताना मला जे सुख झालं ते सांगायला लाज वाटत नाही. सूड म्हणायचं तर म्हणा. दारावरची पाटी तुमच्याच नावाची आहे, तुमच्याच सेंटरमधून फोन जातायत, आणि ज्या एका शब्दासाठी तुम्ही बहीण गमावलीत तो मी दिवसभर अनोळखी बायकांना वाटतेय.

आज सकाळी निघताना मी आईला विचारलं की उद्या विहारात मी काय बोलू. लोक चिडतील. आपल्या पहिल्या डॉक्टरबद्दल, त्याच्या पुण्यानुमोदनात, त्याच्याच भाचीनं असं बोलायचं? मामी कदाचित पुन्हा माझं तोंड बघणार नाहीत. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. तिचे डोळे लाल होते आणि कोरडे होते. तुम्ही गेल्यापासून ते तसेच आहेत.

“बोल,” ती म्हणाली. “डाळीएवढ्या ग्रंथीचं सांग, किती बायकांना त्यानं बरं केलं ते सांग, त्यो किती शिकला ते सांग. आनि त्याचं चुकलं, तू बरोबर हुतीस, ते बी सगळ्यांच्या म्होरं सांग. एकदा कुणीतरी मोठ्यानं म्हणू दे. त्याबगार मला रडाय येत न्हाय गं.”

उद्या मी बोलणार आहे, मामा. आईला रडायचंय.